परदेशातून: प्रोफेसरपदाचा न भरलेला अर्ज

2018 चं भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं तेव्हा डॉना स्ट्रिकलंड इथे ओंटारिओत, वॉटर्लू विद्यापीठात असोसिएट प्रोफेसर होत्या. एवढ्या मोठ्या बाईंना बढती कशी नाही, म्हणून गहजब झाला. त्यांचं उत्तर सरळ होतं: अर्जच केला नाही, आणि बढतीने पगार वाढतोच असं नाही. आपल्याकडे प्राध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांना गुण देण्याचा वाद पेटला की हा दाखला हमखास येतो: ‘बघा, तिकडे कुणी पेपर मोजत नाही!’

मोजतात हो. पण काय निसटतं, ते बघायचं तर ज्यासाठी नोबेल मिळालं ते त्यांचं 1985 चं काम उघडावं.

छोटी लेझर पल्स, म्हणजे प्रकाशाचा क्षणभराचा झोत, थेट वाढवली तर तीव्रता इतकी चढते की प्रकाश काचेत स्वतःच एकवटतो आणि अ‍ॅम्प्लिफायरची काच जळते. म्हणून आधी पल्स फायबरमधून ताणायची, निओडिमियम काचेत वाढवायची, शेवटी ग्रेटिंगच्या (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीच्या) जोडीने दाबायची. फायबर होतं अडीच किलोमीटरचं. दुसऱ्या टोकाला उजेडच येईना, मध्येच कुठेतरी तुटलेलं. भागवलं 1.4 किलोमीटरवर. त्यात 1.06 मायक्रॉनचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही. अशा वेळी टोकाशी फॉस्फर कार्ड धरायचं, अदृश्य प्रकाश पडला की ते चमकतं. ठिपका उमटला नाही तर टोकाचा काप वाकडा, माउंट दोनचार मायक्रॉन सरकलेला की आत तूट, हे एकेक करून तपासायचं. शिवाय फायबरमध्ये लांब तरंग पुढे निघतात, ग्रेटिंगने त्यांना तेवढंच मागे खेचायचं. ताण आणि दाब जुळेना, तर पल्सला शेपूट राहते. एवढं करून हाती आलं सुमारे 2 पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) आणि मिलिज्यूलच्या घरातली ऊर्जा. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला (टीआयएफआर) टेरावॉट लेझर याच तंत्रावर चालतो.

पीएच.डी.साठी त्या रॉचेस्टरला 1981 मध्ये गेल्या. मार्गदर्शक जेरार मूरूंबरोबरचा हा पेपर डिसेंबर 1985 चा, आणि तोच त्यांचा पहिला. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीने हिशेब करा: विज्ञानाच्या पेपरला 8 गुण, इम्पॅक्ट फॅक्टरची (नियतकालिकातले लेख किती उद्धृत होतात त्या मापाची) भर वेगळी, लेखक दोन म्हणून प्रत्येकी 70 टक्के. विद्यापीठात थेट प्रोफेसर व्हायला किमान 10 पेपर आणि 120 गुण. तुटलेल्या फायबरला रकाना नाही. चार वर्षं प्रयोगाचं टेबल जुळवण्यापेक्षा दर सहा महिन्यांनी एक किरकोळ पेपर काढणारा त्यात सरळ पुढे जातो, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा?

खरा फरक पगाराचा आहे. आपल्याकडे सीएएसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढती योजनेच्या, प्रत्येक टप्प्याला वेतनस्तर बांधलेला, त्यामुळे फाइल न भरण्याची चैन कुणाला परवडणार? इथेही नोकरी कायम होईपर्यंत घाम फुटतो, अनुदानाच्या अर्जाला पेपरांची यादी लागतेच. मात्र एनसर्कच्या (कॅनडात विज्ञान संशोधनाला अनुदान देणाऱ्या संस्थेच्या) अर्जात आपली जास्तीत जास्त पाच महत्त्वाची कामं निवडून ती का महत्त्वाची हे लिहायची सोय होती, आणि विद्यार्थी कसे घडवले हेही तपासलं जातं. यूजीसीच्या तक्त्यात निदान एवढी भर घालायला काय हरकत आहे? स्वतः उभारलेलं आणि दुसऱ्या गटाने वापरलेलं उपकरण त्या पाचांत धरावं.