ट्रॉमाचं काम करणारे "एकतर खचतात नाहीतर दगड होतात"? नाही हो

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, की अत्याचार सोसलेल्यांसोबत काम करणारे काउन्सेलर शेवटी एकतर स्वतःच आजारी पडतात नाहीतर दगड होतात, आणि जे टिकतात ते मुळातच कणखर असतात, त्यांना सपोर्टची गरज नसते. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स डिग्री) करणाऱ्या मुली हे वाचून फील्ड सोडू का विचारतायत, म्हणून लिहितेय.

आजारी पडण्याचं आधी. त्रास होतो, नाकारतच नाही. मॅक्कॅन आणि पर्लमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्येच मांडलंय की रोज असं ऐकून थेरपिस्टचा माणसांवरचा भरवसाच हलतो. झोप उडते, स्वतःच्या मुलीला क्लासला एकटं पाठवताना पोटात गोळा येतो. पण २००५ मध्ये अर्नोल्ड, कॅल्हून, टेडेस्की वगैरे संशोधकांनी २१ थेरपिस्टच्या मुलाखती घेतल्या तेव्हा त्रासासोबत चांगले बदलही समोर आले. म्हणजे हे दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असू शकतं, आणि फॉरवर्डमध्ये नेमकं हेच नाहीये.

दगड होण्याचं तर अजिबात पटत नाही. कोलंबियात राजकीय हिंसाचाराच्या पीडितांसोबत काम करणाऱ्या थेरपिस्टवर २००७ मध्ये अभ्यास आला, त्यात दिसलं की समोरचा माणूस सावरताना बघून थेरपिस्टलाही बळ येतं. मी हे पाहिलंय. एक ताई, सुरुवातीला मान वर करून बोलायच्या नाहीत, त्यांनी एकदा जबाबावर सही करायच्या आधी तो सगळा स्वतः वाचला आणि "हे मी असं बोलले नव्हते" म्हणून एक ओळ बदलून घेतली, हवालदार घाई करत होता तरी. त्यानंतर घरच्या भांडणात, ऑफिसात, जिथे मी गप्प बसायचे तिथे बोलायला लागले. दगड झालेल्या माणसाला असलं काही भिडत नाही.

आणि "सपोर्टची गरज नसते" हे तर घातक आहे, कारण संस्था हेच पुढे करून सुपरव्हिजन (म्हणजे अनुभवी काउन्सेलरशी आपल्या केसेसबद्दल नियमित बोलणं) देत नाहीत आणि केसेस वाढवत राहतात. पाठोपाठ केसेस घेतल्या तर त्या ताईंनी बदललेल्या ओळीचा विचार करायला वेळच कुठे मिळणार? काउन्सेलरला बळ येण्याचा हा बदल आपोआप होत नाही, केसबद्दल कुणाशी तरी नीट बोलावं लागतं, मध्ये सुट्टी लागते. त्यामुळे मुलींनो, फील्ड सोडू नका, पण जॉइन करायच्या आधी इंटरव्ह्यूत सरळ विचारा की सुपरव्हिजन किती दिवसांनी होतं, कोण घेतं आणि एका दिवसात जास्तीत जास्त किती केसेस देता.