फॅफ्साच्या फॉर्मबद्दल, आणि लाजेबद्दल

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गेले होते. डाळ-पन्हं झालं, गप्पा रंगल्या आणि बोलता बोलता मी सांगून गेले की माझ्या कॉलेजची फी माफ आहे आणि वर पेल ग्रँट ही सरकारी मदतही मिळते, दोन्ही फॅफ्सा नावाच्या सरकारी मदतीच्या अर्जातून. सगळ्या एकदम गप्प झाल्या. निघताना एका वहिनींनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "अगं, इतकं वाईट चाललंय का तुमचं? आम्हाला सांगायचं ना."

त्यांच्या बोलण्यात माया होती, मला ठाऊक आहे. तरी घरी येताना गाडीत रडू आलं. ते का आलं याचा दोन आठवडे विचार करून आज लिहितेय. मोठं होणार आहे, पण ज्यांच्या कामाचं आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

मी मूळची कराड तालुक्यातली. एस.वाय.बी.कॉम.ला असताना लग्न झालं आणि कॉलेज तिथंच राहिलं. २०१० मध्ये मुलीला कडेवर घेऊन एच-४ वर, म्हणजे यांच्या व्हिसाच्या आधाराने, कॅलिफोर्नियात आले. ग्रीन कार्ड यायला २०२२ उजाडलं. बारा वर्षं मी घर सांभाळलं, शेजारच्या मुलांना सांभाळलं, मंडळाच्या बालशाळेत शिकवलं, आणि कुणी "तुमचं शिक्षण?" विचारलं की विषय बदलला. नोव्हेंबर २०२३ मध्ये यांची नोकरी गेली. त्याच महिन्यात मी ठरवलं की आता कॉलेजात नाव घालायचं. बालशिक्षणाचा कोर्स, घरापासून बारा मिनिटांवरच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचे कोर्स असलेलं, कमी फीचं कॉलेज).

फी किती? इथल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजांत राज्यातल्या रहिवाशांना युनिटला (विषयाचं वजन मोजायचं माप) ४६ डॉलर. २०१२ पासून हाच दर आहे. बारा युनिट घेतली तर सत्राला ५५२ डॉलर. "एवढीच फी आहे तर कशाला अर्ज करायचा?" असं मला खूप जणींनी विचारलं. मीही आधी तसंच म्हणाले होते. पण शिकायला फक्त फी लागत नाही. पुस्तकं लागतात, पार्किंग, पेट्रोल लागतं, आणि सगळ्यात मोठा खर्च म्हणजे ज्या तासांत चार पैसे कमावता आले असते ते तास वर्गात जातात. नोकरी गेलेल्या घरात त्या तासांची किंमत काय असते हे ज्याचं त्यालाच कळतं. फी माफ करणारी योजना वेगळी, तिचं नाव कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँट. आणि पेल ही केंद्र सरकारची ग्रँट, जी परत फेडायची नसते. ती गेली काही वर्षं जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे, वर्षाला. फी आधीच माफ असल्यामुळे पेलचे जवळजवळ सगळे पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात येतात आणि त्यातून घरभाडं, किराणा, पेट्रोल भागतं. कायद्यालाच ते मान्य आहे. शिकणाऱ्या माणसाला जेवावंही लागतं हे त्या योजनेत धरलेलं आहे.

या दोन्ही गोष्टींची वाट एकाच फॉर्ममधून जाते: फॅफ्सा. (प्रॉमिस ग्रँटला वेगळा छोटा अर्जही आहे, पण फॅफ्सा भरला तर दोन्ही कामं होतात.) फॉर्म फुकट आहे. स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी साइटवरच भरायचा. कुणी पैसे घेऊन भरून देतो म्हणालं तर देऊ नका.

माझा फॉर्म नेमका २०२४-२५ चा. त्या वर्षी सरकारने सगळा फॉर्म नव्याने बांधला. दरवर्षी ऑक्टोबरला उघडणारा फॉर्म त्या वेळी ३० डिसेंबरला उघडला, तोही थोडा थोडा वेळ. कॉलेजांना आमची माहिती पोचायला मार्च आला. पण माझं घोडं त्याच्याही आधी अडलं होतं, नावावर. सोशल सिक्युरिटी कार्डावर माझं नाव, यांचं नाव आणि आडनाव असं सलग. पासपोर्टवर यांचं नाव माझ्या नावालाच जोडलेलं. आणि मी खातं उघडताना सवयीने फक्त नाव-आडनाव टाकलं. मग "माहिती जुळत नाही". तीन वेळा. आपल्या मराठी नावांचा हा घोळ इथे प्रत्येक सरकारी कागदावर होतो, म्हणून ठळक सांगते: सोशल सिक्युरिटी कार्डावर जसं आहे तसं, अक्षर न अक्षर. बाकी कागदांवर काय आहे ते विसरा.

नाव जुळलं, फॉर्म गेला, आणि उत्तर आलं की पेल शून्य.

कारण साधं होतं. हा फॉर्म दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न बघतो. २०२४-२५ साठी २०२२ चा टॅक्स. २०२२ मध्ये यांचा पगार पूर्ण चालू होता. कागदावर आम्ही बरे होतो आणि घरात बचत संपत होती. मी लॅपटॉप मिटला आणि ठरवलं की आपल्यासाठी नाही हे. दोन आठवडे तसेच गेले.

माझ्या मुलीने, तेव्हा ती पंधरा वर्षांची, मला परत बसवलं. "आई, ऑफिसात जाऊन विचार तरी." मी गेले. काउंटरवरच्या पहिल्या माणसाने मान वर न करता सांगितलं की कॉम्प्युटरने ठरवलंय, आता काही होत नाही. ते खोटं होतं. त्याला माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, कोण जाणे. पण मी तिथून परत फिरले असते तर माझं शिक्षण दुसऱ्यांदा राहिलं असतं, म्हणून मला अजून राग आहे. मागे बसलेल्या एका बाईंनी ऐकलं आणि बोलावून घेतलं. त्यांनी सांगितलं की परिस्थिती बदलली असेल तर अपील करता येतं. नोकरी गेली, घटस्फोट झाला, मोठं आजारपण आलं, तर कॉलेजच्या फायनान्शियल एड अधिकाऱ्याला आकडे बदलायचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. नोकरी गेल्याचं पत्र, बेकारी भत्त्याचे कागद, सध्या काय येतं-जातं याचं एक पान. मी नेऊन दिले. सहा आठवड्यांनी नवीन आकडा आला. सत्राला दोन हजारांच्या वर.

माझ्या ओळखीत नोकरी गेलेली निदान चार घरं आहेत जिथे मुलं किंवा बायका कॉलेजात आहेत, आणि बहुतेकांना या अपिलाची माहिती नव्हती. काहींना होती, पण "आपण कशाला हात पसरायचे?"

त्याबद्दलच बोलायचंय मला.

माझा भाऊ ईबीसीवर, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांसाठीच्या फी सवलतीवर, शिकला. तुमच्यातल्या किती जणांचे भाऊ, वडील, तुम्ही स्वतः शिकलात? तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणायचा, तहसील कचेरीत खेटे घालायचे, फॉर्मला जोडायचा, फी माफ. आमच्या वडिलांनी तो दाखला कधी लपवून आणला नाही. पोरगं शिकतंय हीच अभिमानाची गोष्ट होती. आमच्या गावाजवळच्या काले गावात १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, हे आम्ही शाळेत ऐकत मोठे झालो. त्या भाकरीवर शिकलेल्या मुलांना कुणी भिकारी म्हणालं का? कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग सुरू केलं. त्याच साली इकडे इलिनॉयमध्ये जोलिएटला पहिलं सरकारी ज्युनिअर कॉलेज निघालं, ज्यातून पुढे ही कम्युनिटी कॉलेजं वाढली. हे कळलं तेव्हा मला फार आपलं वाटलं. जे लोक इथे विमानातून उतरले ते बहुतेक अशाच कुणाच्या तरी पैशावर शिकून उतरलेत. मग समुद्र ओलांडल्यावर त्याच गोष्टीची लाज कुठून आली? मला वाटतं, इथे आपण एकमेकांना फक्त चांगल्या बातम्या सांगायची सवय लावून घेतली आहे. घर घेतलं, गाडी घेतली, मुलाला अमुक युनिव्हर्सिटी मिळाली. नोकरी गेली हे सहा महिने कुणाला कळत नाही. त्या सहा महिन्यांत फॉर्मची तारीख निघून जाते.

आणि हा पैसा आपणही भरलेला आहे. एच-१ या नोकरीच्या व्हिसावर असल्यापासून प्रत्येक पगारातून टॅक्स कापला गेलाय.

आता काही गोष्टी ज्या मला कुणी आधी सांगितल्या नाहीत.

ज्यांच्याकडे पदवी आहे त्यांना पेल मिळत नाही. भारतातली बी.ए., बी.कॉम. सुद्धा धरतात. माझं दुसऱ्या वर्षाला अडकलेलं शिक्षण, ज्याची मला वीस वर्षं खंत होती, त्यामुळे मी पात्र ठरले. पण पदवी असली तरी फी माफीचा अर्ज करता येतो, तो नक्की करा.

एच-४ किंवा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर असाल तर फॅफ्सा नाही. ग्रीन कार्ड लागतं, किंवा नागरिकत्व, किंवा निर्वासितांसारखा दर्जा. ही फार कठोर गोष्ट आहे. आपली मुलं इथे पहिलीपासून शिकतात आणि ग्रीन कार्डाच्या रांगेमुळे अठराव्या वर्षी त्यांना कळतं की वर्गातल्या मैत्रिणीला जे मिळतं ते आपल्याला नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या मुलाचं हेच चाललंय आणि तिच्याशी बोलताना मला माझ्या ग्रँटचा उल्लेख करवत नाही.

"पेल घेतली तर सिटिझनशिपला अडचण येईल" ही भीती मला तिघींनी सांगितली. नागरिकत्वाच्या अर्जात पब्लिक चार्जची (माणूस सरकारी मदतीवर अवलंबून राहील का, याची) चाचणीच नसते.

पुण्याचा फ्लॅट. राहतं घर धरत नाहीत, रिटायरमेंटचा पैसा धरत नाहीत, पण मालमत्तेचा प्रश्न तुम्हाला आला तर भारतातला फ्लॅट तुमच्या नावावर असेल तो लिहावा लागतो, कर्ज वजा करून. सासूबाईंच्या नावावरचं घर तुमचं नाही, ते लिहायचं नाही. मला एकाने सांगितलं, "लिहू नका, इथे कुणाला कळतंय?" मी लिहिला. फॉर्मखाली माझी सही आहे. जी मदत मी ताठ मानेने घ्या म्हणतेय ती खोटं लिहून घेतली तर मान ताठ राहणार नाही.

आणि एकदा पैसे आले की वर्ग मध्येच सोडू नका. सत्राचा साठ टक्के काळ व्हायच्या आत सगळं सोडलं तर काही रक्कम परत करावी लागू शकते. घेतलेल्या युनिटांपैकी साधारण दोन तृतीयांश पास व्हावी लागतात आणि गुणांची सरासरी ४ पैकी २.० ठेवावी लागते. अडचण आली तर आधी ऑफिसात जाऊन बोला, मग सोडा.

फॅफ्सामधूनच मला वर्क-स्टडीही, म्हणजे शिकता शिकता करायचं पगारी काम, मिळालं. कॉलेजच्याच पाळणाघरात आठवड्याचे दहा तास. भाऊरावांचं कमवा आणि शिका, मी त्रेचाळिसाव्या वर्षी करतेय. सकाळी वर्गात जे शिकते ते दुपारी तीन वर्षांच्या मुलांसोबत करून बघते. परवा एका मुलाने पहिल्यांदा स्वतःच्या बुटाचे बंद घातले आणि मला दाखवायला धावत आला. यांना आता नोकरी लागली आहे, पगार आधीपेक्षा कमी आहे, पण चाललंय. पुढच्या वर्षी मला कदाचित पेल मिळणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

वहिनी, तुम्ही हे वाचत असाल तर रागावू नका. तुम्ही विचारलंत म्हणून मला हे लिहिता आलं. तुमच्या धाकट्याचं या वर्षी बारावीचं वर्ष आहे आणि भाऊजींचं कामाचं काय झालं तेही मला कळलंय. २०२६-२७ चा फॉर्म २०२४ च्या टॅक्सवर जाईल, म्हणजे तुमचंही पहिलं उत्तर माझ्यासारखंच येईल. घाबरू नका, अपील करायचं. कॅल ग्रँटची (कॅलिफोर्निया राज्याच्या मदतीची) २ मार्चची तारीख गेली, पण कम्युनिटी कॉलेजवाल्यांना २ सप्टेंबरची दुसरी संधी असते.

रविवारी दुपारी दोन ते पाच मी आमच्या गावच्या लायब्ररीत, मागच्या गोल टेबलावर बसते. सोशल सिक्युरिटी कार्ड, ग्रीन कार्ड, टॅक्सचे कागद आणि नोकरी गेल्याचं पत्र असेल तर ते घेऊन या. जिला यायचं तिने मला मेसेज करा, इथे कमेंटमध्ये नाव लिहायची गरज नाही.