अडीचशे रुपयांचं डोकं

हेल्मेट घ्यायचंय ना? मग दुकानात कशाला जाताय? तिथे बिल फाडतात, वर जीएसटी लावतात. त्यापेक्षा हायवेच्या कडेला दोन झाडांमध्ये दोरी बांधून हेल्मेटं लटकवलेली असतात, पाडव्याच्या गाठ्यांसारखी, तिथे गाडी थांबवा. तो चारशे सांगेल. तुम्ही "दीडशे" म्हणा आणि किक मारायचं नाटक करा. अडीचशेला पटेल.

आयएसआयचा शिक्का? आहे की! १ जून २०२१ पासून शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला बंदी आहे, म्हणून तर त्याने आठवणीने चिकटवलाय. जरा तिरका आहे, पण आहे. त्याच्याजवळ सीएम/एल असं लिहून परवान्याचा नंबर असतो. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की खऱ्या कंपनीचं नाव-पत्ता निघतो. असलं काही करू नका. माणसाचा माणसावर विश्वास हवा.

आत अंगठा दाबूनही बघू नका. चांगल्या हेल्मेटात दाट थर्माकोलचा जाड थर असतो. डोकं आपटलं की तो चिरडला जातो आणि धक्का स्वतः गिळतो. तुमच्यात उशीतला स्पंज निघेल. कसा मऊ! पट्टा ओढायच्या भानगडीत तर पडूच नका, बक्कल हातात येईल. आणि तसंही चौकातला हवालदार लांबून बघतो, त्याला डोक्यावर काहीतरी गोल दिसलं की झालं. जवळून बघतं ते फक्त डांबर.

बिल नाही, म्हणजे पुढे ग्राहक आयोगात खेटे घालायची कटकटही मिटली.

वाचलेल्या पैशांत पुढच्या फुटपाथवरून चार्जर उचला. हातात घेऊन बघा, पिसासारखा हलका. २३० व्होल्ट आणि तुमचं बोट यांच्या मध्ये जे काही घालावं लागतं त्यालाच वजन असतं, आणि पैसेही त्याचेच पडतात. ते काढलं की स्वस्त. रात्री उशाशी लावून खुशाल झोपा.

माझं हेल्मेट? परवा पार्किंगमध्ये आरशावरून घसरून पडलं. कमरेएवढ्या उंचीवरून. कपाळापासून मागपर्यंत उभी चीर. पण टाकून थोडंच देतो! फेविक्विकने चिकटवलं, वरून गणपतीचं स्टिकर लावलं, चीर दिसतसुद्धा नाही. स्वतःसाठी दुसरं घेतलं. हे आता मागे बसणाऱ्यासाठी ठेवलंय, म्हणजे बायकोसाठी.