आयपीव्ही६ बंद करू नका, आधी नीट तपासा

बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या आपल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "लॅपटॉपचा आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर तुमच्या लाइनवर आयपीव्ही६ नाही. एफई८० ने सुरू होणारा दिसला तर आहे. असेल तर राउटरमधून लगेच बंद करा. नेट दुप्पट पळेल आणि हॅकरचा रस्ता बंद होईल." हे वाचून लोक खरंच राउटरच्या सेटिंगला हात लावताहेत, म्हणून एकेक दावा घेतो. आयपी म्हणजे इंटरनेटवरचा उपकरणाचा पत्ता; त्या पत्त्यांची जुनी पद्धत आयपीव्ही४ आणि नवी आयपीव्ही६.

१९२.१६८ चा पत्ता राउटर घरातल्या घरात वाटतो. त्याच लॅपटॉपला त्याच वेळी आयपीव्ही६ चाही पत्ता असू शकतो; बऱ्याच घरांत दोन्ही सोबतच चालतात. तेव्हा त्यावरून बाहेरच्या लाइनबद्दल काहीच ठरत नाही.

एफई८० ची गोष्ट जास्त फसवी आहे. हा पत्ता उपकरण स्वतःच तयार करतं आणि तो फक्त घरातल्या नेटवर्कपुरता चालतो. राउटरला बाहेरून येणारी वायर काढून ठेवली तरी तो दिसतच राहील. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका लॅपटॉप घेऊन वर आले. "हे बघ, एफई८० आहे. म्हणजे आपल्याकडे आलंय ना?" मी म्हटलं, "काका, टेस्ट-आयपीव्ही६ डॉट कॉम उघडा." घरच्या वायफायवर १० पैकी ०. मग तोच लॅपटॉप त्यांच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडला. १० पैकी १०. एफई८० दोन्ही वेळा होता. दुसऱ्या वेळी त्याच्या जोडीला २४०९ ने सुरू होणारा पत्ताही आला. पाहायचा तो हा. इंटरनेटवर चालणारे आयपीव्ही६ पत्ते सध्या २ किंवा ३ ने सुरू होतात, आणि आपल्याकडचे बरेचसे २४ ने. व्हीपीएन असेल तर तो बंद करूनच तपासा, नाहीतर निकाल त्या व्हीपीएनचा येईल. आयपीव्ही६ डॉट गूगल डॉट कॉम हे पान तर फक्त आयपीव्ही६ वरूनच उघडतं. उघडलं, तर तुमच्या लाइनवर आयपीव्ही६ चालू आहे.

आता वेग. जुन्या आयपीव्ही४ मध्ये पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला. म्हणून कंपन्या अनेक घरांना मिळून एकच पत्ता देतात. राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर तुम्हीही त्या सामायिक रांगेत आहात. आयपीव्ही६ बंद केलंत की सगळी ये-जा त्याच रांगेतून होणार. मग वेग दुप्पट कुठून होईल? एवढं मात्र खरं, की कंपनीने आयपीव्ही६ अर्धवट लावलं असेल तर पानं अडखळतात. पण आजचे ब्राउझर साधारण पाव सेकंदात उत्तर आलं नाही तर आयपीव्ही४ ही सोबत आजमावतात. तरीही अडखळत असेल तर दुरुस्ती कंपनीने करायची. विंडोजमध्ये आयपीव्ही६ बंद करू नका, असं खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं.

हॅकरची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. घरात कॅमेरे आहेत, लोकांना काळजी वाटणारच. पण आयपीव्ही४ मध्ये एका पत्त्यामागे अनेक उपकरणं बसवण्याची जी सोय आहे, ती कमी पत्ते सगळ्यांना पुरावेत म्हणून आहे. बाहेरून न मागता येणारं अडवणं हे फायरवॉलचं काम, आणि ते आयपीव्ही६ लाही तितकंच करता येतं. राउटरच्या पानावर आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे का बघा, ॲडमिनचा पासवर्ड बदला, कॅमेऱ्याचाही बदला. आयपीव्ही६ बंद करून कॅमेऱ्याचा पासवर्ड 'ॲडमिन'च ठेवला, तर घर जिथल्या तिथे उघडं.

काकांच्या घरी शून्य आलं, त्याचं कारण राउटरमध्येच सापडलं असतं असं नाही. आधी राउटरमध्ये आयपीव्ही६ चालू आहे का ते पाहायचं. चालू असूनही शून्य येत असेल तर नेटवाल्याकडे तक्रार करायची, आणि ती करताना 'नेट स्लो आहे' एवढंच लिहू नका. "राउटरला आयपीव्ही६ प्रीफिक्स (म्हणजे कंपनीकडून घराला मिळणारा पत्त्यांचा गट) मिळत नाही" असं स्पष्ट लिहा आणि चाचणीच्या पानाचा स्क्रीनशॉट जोडा.