कधीतरी चेनसॉ चालवणाऱ्याला साधे सेफ्टी शूज पुरत नाहीत

वळवाच्या वादळात झाडे पडू लागली की सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरतो : चेनसॉचे, म्हणजे साखळीच्या यांत्रिक करवतीचे, खास बूट जंगलात रोज तोडणी करणाऱ्यांसाठी असतात; वर्षातून दोन-चारदा फांद्या कापणाऱ्याला एमआयडीसीतले सेफ्टी शूज पुरतात, कारण त्यांना पुढे लोखंडी टोपी असते, चामडे जाड असते आणि आपल्या उन्हात जड बूट सोसवत नाहीत. कारखान्यातले देखभाल कामगार आणि सोसायट्यांचे माळी यावर विश्वास ठेवतात, म्हणून हे उत्तर.

काम क्वचितच असल्याने वर्षभराचा एकूण धोका कमी भरतो, हे खरे आहे. मात्र प्रत्येक वेळच्या कापणीतला धोका त्याने कमी होत नाही. हात बसलेला नसल्यामुळे तो वाढतोच.

लोखंडी टोपीचा मुद्दा सर्वांत फसवा आहे. आयएस 15298 या भारतीय मानकानुसार ती 200 जूलचा आघात सोसते, म्हणजे वरून पडणाऱ्या ओंडक्यापासून बोटे वाचवते. पण ती बोटांपुरतीच असते. आडव्या पडलेल्या बाभळीच्या फांद्या साफ करताना डावा पाय पुढे असतो, करवत खाली येते आणि ट्रिगर सोडल्यावरही साखळी क्षणभर फिरत राहते; त्या वेळी तिच्यासमोर असते ती लेस बांधायची जागा आणि घोटा, आणि तिथे टोपी नसते.

राहिले जाड चामडे. बाभळीचे लाकूड चिरणाऱ्या दात्यांपुढे ते टिकत नाही. खास बुटांत जिभेखाली आणि पुढच्या भागात लांब, चिवट धाग्यांचे थर असतात. दाते ते धागे ओढून काढतात, धागे साखळी फिरवणाऱ्या चाकात गुंततात आणि साखळी अडकते. अशा बुटांसाठीच्या आयएसओ 17249 या आंतरराष्ट्रीय मानकात संरक्षणाचे स्तर आहेत; चाचणीत साखळीचा वेग पहिल्या स्तराला सेकंदाला 20 मीटर, दुसऱ्याला 24 आणि तिसऱ्याला 28 मीटर धरला आहे. हे संरक्षणही पूर्ण नसते. विजेवरच्या करवतीची ओढ जास्त असल्याने तिची साखळी तितक्या सहज अडकत नाही.

उन्हाची तक्रार रास्त आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे काम पहाटे उरकणे. खर्चाची अडचणही खरी आहे. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या कामगार-सुरक्षा यंत्रणेने क्वचित वापरणाऱ्यांना सपाट जमिनीवर, जिथे अडखळण्याचा धोका कमी आहे तिथे, टोपीच्या बुटांवर चेनसॉसाठीचे संरक्षक गेटर (बूट आणि घोट्यावरून बांधायचे आवरण) बांधण्याची मुभा दिली आहे. सोसायटीच्या फरसबंद आवारात ही सोय चालेल. काळ्या मातीच्या बांधावर किंवा काटेरी झुडपांत मात्र पाय घसरतो, अडकतो. तिथे पकड असलेले पूर्ण बूटच हवेत, आणि ते मालकाने किंवा सोसायटीने कामगाराच्या मापाचे घेऊन द्यावेत. घेताना बुटावर ढालीच्या आकृतीत करवतीचे चित्र आणि मानकाचा क्रमांक पाहावा. बुटाला एकदा साखळी लागून धागे बाहेर आले, की तो बूट पुन्हा करवतीच्या कामाला वापरू नये.