राजकीय परिस्थितिकीची जन्मतारीख 1985 नाही

राजकीय परिस्थितिकी म्हणजे पर्यावरणाच्या प्रश्नांमागची सत्ता आणि हितसंबंध तपासणारी अभ्यासशाखा. तिच्याबद्दल एक दावा सर्रास फिरतो: ही शाखा 1980च्या दशकात पियर्स ब्लेकी यांच्यासारख्या इंग्रजीत लिहिणाऱ्या भूगोलज्ञांनी काढली, बाकीच्या भाषांत ती अनुवादातून गेली.

'सुरुवात 1985ला, ब्लेकींपासून.' मानववंशशास्त्रज्ञ एरिक वुल्फ यांच्या 1972च्या लेखाच्या शीर्षकातच ही संज्ञा आहे. फ्रेंचमध्ये विचारवंत बेर्त्राँ द जुव्हनेल यांनी ती 1957 सालीच वापरली होती. ब्लेकींचे श्रेय वेगळे आणि मोठे आहे. जमिनीची धूप शेतकऱ्याच्या अडाणीपणामुळे होते, हे उत्तर त्यांनी 1985च्या पुस्तकात नाकारले. 1987 साली भूगोलज्ञ हॅरॉल्ड ब्रुकफिल्ड यांच्यासोबत त्यांनी पद्धत पक्की केली: शेताच्या तुकड्यापासून निघायचे, मग कसणाऱ्याचे निर्णय, गावातले हितसंबंध, सरकार आणि शेवटी जागतिक बाजार, अशी कडी कडीला जोडत जायचे.

'प्रवास इंग्रजीकडून इतरांकडे.' जर्मन लेखक हान्स माग्नुस एन्झेन्सबर्गर यांचा राजकीय परिस्थितिकीची चिकित्सा करणारा लेख 1973ला जर्मनमध्ये आला, 1974ला इंग्रजीत. पृथ्वी हे सगळ्यांचे एकच यान, या लाडक्या प्रतिमेवर त्यांचा आक्षेप होता: कप्तानाची जागा आणि इंजिनाची खोली यांतला फरक ती झाकते. मूळ जर्मन लेख ब्लेकींच्या पुस्तकाच्या 12 वर्षे आधीचा.

'पण युरोपातले ते सगळे चळवळीचे लेखन.' यात तथ्य आहे. फ्रेंचमध्ये ही संज्ञा बहुतेकदा हरित राजकारणासाठीच येते. म्हणून सगळ्यांना एका वंशावळीत कोंबणे हीही चूकच. पण मग 'शाखा इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी काढली' असे सरसकट तरी कसे म्हणायचे?

घोळ होतो तो मुख्यतः सालांमुळे. विचारवंत आंद्रे गॉर्झ यांचे राजकीय परिस्थितिकीवरचे 1975चे फ्रेंच पुस्तक इंग्रजीत 1980ला आले; संदर्भात एकटे 1980 लिहिले की ते ब्लेकींचे समकालीन वाटू लागतात. भुकेचे ब्राझिली अभ्यासक जोझुए द कास्त्रो यांच्या बाबतीत तर कहर आहे. 1946च्या पोर्तुगीज पुस्तकाचे नाव 'भुकेचा भूगोल', विषय ब्राझील. 1951च्या पुस्तकाचे नाव 'भुकेचे भूराजकारण', विषय सारे जग. इंग्रजीत 1952ला आले ते दुसरे, पण पहिल्याच्या नावाने! शीर्षकातले राजकारणच गळाले. त्यामुळे इंग्रजी पान उद्धृत करून खाली 1946 लिहिले जाते.

यावर उपाय कंटाळवाणा, पण खात्रीचा. शीर्षकपानामागचा मजकूर वाचा आणि प्रकरणांची यादी मूळ आवृत्तीशी ताडून पाहा. कास्त्रोंच्या प्रतीत इतर खंडांवर प्रकरणे असतील तर मूळ 1951चे. संदर्भात मूळ शीर्षक, मूळ साल, अनुवादक, अनुवादाचे साल या क्रमाने द्या. पानांचे आकडे मात्र हातातल्या प्रतीचेच.