संध्याकाळी चार ते दहा पोरं असतात कुठे?

मुंबईत कुठेतरी सतरा वर्षांच्या पोराने चाकू काढल्याची बातमी आली की खाली लोकांचं ठरलेलं असतं, आईबापाचे संस्कार नाहीत, नशेडी आहेत सगळे, मोठ्यांच्या कोर्टात उभं करा. हे शेवटचं ऑलरेडी होतं बरं का, २०१५ च्या बाल न्याय कायद्यात १६ ते १८ वयाच्या पोराने फार गंभीर गुन्हा केला तर बाल न्याय मंडळ तपासून केस पुढे पाठवू शकतं. पण बोलायला कोणाचं काय जातं.

मी परळच्या चाळीत वाढले आणि आता मानखुर्दला पुनर्वसनाच्या बिल्डिंगमधल्या पोरांची संध्याकाळची शिकवणी घेते, त्यामुळे मला जे दिसतं ते सांगते, पटलं तर बघा. २२५ फुटांचं घर, त्यात पाच-सहा माणसं, बाप रात्रपाळी करून झोपलेला, आई कामाला चेंबूरला, पोरगं घरात बसणार कुठे? खाली उतरलं की दोन बिल्डिंगच्या मधली ती अंधारी गल्ली, कचरा, आणि तिथे बसलेली विशीतली चार जणं. ती ह्याला नावाने हाक मारतात, वडापाव खाऊ घालतात, बाईकवर एक राउंड मारून आणतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला अजून काय पाहिजे हो? मग हुंगायला व्हाइटनर, सोल्युशनचं फडकं, पुढे बटन म्हणजे नशेच्या गोळ्या, गांजा, आणि हातात पैसा खेळायला लागला की एमडी, म्हणजे मेफेड्रोनची पावडर.

आपल्याला वाटतं आधी नशा, मग नशेला पैसे कमी पडतात म्हणून मोबाइल खेचणं. होतं तसंही. पण मी जास्त वेळा उलटं बघितलंय, आधी "ही पुडी त्या टपरीवर देऊन ये, पन्नास तुझे" आणि स्वतः ओढायला लागतं ते नंतर. लहान पोरगंच का, तर पकडलं गेलं तरी डोंगरीच्या सुधारगृहात जाईल आणि लवकर सुटेल, हा हिशोब नाक्यावरच्या भाईला वकिलापेक्षा चांगला कळतो. त्याच बाल न्याय कायद्याच्या कलम ७८ मध्ये लहान मुलाकडून नशेचा माल पोचवून घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि कलम ७७ मध्ये मुलाला दारू, ड्रग्ज, अगदी तंबाखू दिली तरी तेवढीच. रोज बिनधास्त चौदा वर्षांच्या पोराला सिगरेट देणाऱ्या टपरीवाल्याला हे कोणी सांगितलंय का कधी?

केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्व्हेत एक गोष्ट होती जी माझ्या डोक्यातून जात नाही, हुंगायची नशा ही एकच नशा अशी की जी मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त, १० ते १७ वयात १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८. स्वस्त असते आणि दुकानात मिळते, एवढं साधं कारण आहे.

आता "ती वस्तीच तशी, ते लोकच तसे" म्हणणाऱ्यांसाठी. आमच्या चाळीत काय श्रीमंती होती? गुत्ता होता, मटका होता, प्यायलेले बापही होते. पण गॅलरीत कायम कोणीतरी उभं असायचं, जिन्याखाली बिडी ओढताना दिसलास तर तू घरी पोचायच्या आधी बातमी घरी, शिवाय खाली व्यायामशाळा, कबड्डीचं मंडळ, कामगार कल्याण केंद्र. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार होते, त्यांची घरं बसली आणि ह्याच चाळींतली कितीतरी पोरं टोळ्यांकडे गेली. माणसं तीच होती ना? शिकागोत शॉ आणि मॅके ह्या दोन समाजशास्त्रज्ञांनी गेल्या शतकात हेच बघितलं होतं, वस्तीत राहणारे लोक बदलले, एका देशाचे जाऊन दुसऱ्या देशाचे आले, तरी पोरांचे गुन्हे त्याच भागांत जास्त राहिले. पुढे १९९७ मध्ये तिथल्याच अभ्यासात दिसलं की शेजारी जिथे एकमेकांवर भरवसा ठेवून दुसऱ्याच्या पोरालाही हटकतात तिथे हिंसा कमी.

मानखुर्दला तेच तुटलंय. रस्त्याकडेच्या, रेल्वेलगतच्या वेगवेगळ्या झोपडपट्ट्यांतून उचलून माणसं सात-सात मजल्यांत भरली, दार बंद, शेजारी कोण ते माहीत नाही, कोण कोणाच्या पोराला बोलणार? आणि बोललात तर रात्री तीच चार जणं तुमच्या दारात. तरीही तिथली बहुतेक पोरं सरळच आहेत, हे कोणी लिहीत नाही. मुलींचं वेगळंच, त्यांना संध्याकाळी घरातच कोंडतात, म्हणून त्या ह्या बातम्यांत दिसत नाहीत.

धाड पडली की चार दिवस गल्ली साफ, पाचव्या दिवशी अड्डा पुढच्या बिल्डिंगमागे. धाडी घाला, पण पुडी देणाऱ्या मोठ्याला धरा, आणि महापालिकेच्या शाळांची मैदानं रात्री नऊपर्यंत लाइट लावून उघडी ठेवा, एक कोच द्या. आमच्या इथल्या सोसायटी ऑफिसात दहा पोरांची अभ्यासिका आरामात बसेल, पण त्याला कुलूप, ते उघडतं फक्त निवडणुकीत प्रचाराचं सामान ठेवायला. नगरसेवक आता मतं मागायला आले की मी बाकी काही नाही, ती चावी मागणार आहे.

आणि कोणाच्या घरात असं पोरगं असेल तर मारझोड करण्याआधी १४४४६ वर फोन करा, नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे. मूल संकटात असेल तर १०९८.